मुन्ना छ्याण्णव, रंजू शून्य

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण उद्या माझ्या प्रयोगावर कोणी लिहायला बसलं तर तारखा हाताशी असाव्यात, एवढंच.

काल ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. 'विविध मुलांसाठी विविध पद्धती'. तीन तासांचा. सर्टिफिकेट कलरमध्ये आलं. बायकोला दाखवलं. हर्षा म्हणाली, तीन तासांचा कोर्स तुम्ही पावणेदोन तासांत कसा केला? डबल स्पीडवर. यालाच तंत्रज्ञान म्हणतात.

सार असं: प्रत्येक मूल वेगळं. कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, कोणी हातांनी. आणि आपण सगळ्यांना एकाच काठीनं हाकतो. आपण म्हणजे चंद्रकांता मॅडम, आमच्या मुख्याध्यापक. शाळा बपेऱ्याच्या अलीकडे, दोन शिक्षकी, चौथीपर्यंत. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, चौदा पोरं. मॅडमकडे खडू, फळा आणि रिटायरमेंटला दीड वर्ष.

२९ जानेवारीला स्नेहसंमेलन. त्याच दिवशी तंत्रस्नेही शाळा पडताळणीचं पथक बोलावलं. अर्ज परस्पर भरून टाकला. मॅडमना विचारलं नाही, सांगितलं. निवड झाली तर भंडाऱ्याला, अख्ख्या जिल्ह्यासमोर सादरीकरण.

होईलच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रश्नावली घेतली. वीस प्रश्न, कोर्समधलेच. प्रश्न तीन: नवीन फर्निचरचे पार्ट जोडताना तुम्ही सूचना वाचता, कोणाला विचारता की थेट जोडता? चौथीतला मुन्ना म्हणाला, आमच्या घरी बाज हाये सर, बाबानंच इनली. प्रश्न रद्द करावा लागला. पाच, नऊ आणि चौदासुद्धा.

तरी निकाल स्पष्ट. बिल्ले वाटले: डोळा, कान, हात. मधल्या सुट्टीत पोरांनी बिल्ल्यांची अदलाबदल केली. एका कानाच्या बदल्यात दोन चिंचा. दुपारनंतर वर्गात नऊ डोळे.

उद्या सेफ्टी पिनऐवजी फेव्हिकॉल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस ऐतिहासिक. वाचन मोजणारं अ‍ॅप घेतलं. मुलानं मोबाईलसमोर वाचायचं. अ‍ॅप ऐकतं आणि शंभरपैकी मार्क देतं. माणूस मध्ये नाही, म्हणजे पक्षपात नाही.

मुन्ना उभा राहिला. हात मागे, छाती पुढे. असं वाचलं की रस्त्यावरची सायकल थांबली. छ्याण्णव! चार मार्क गेले ते मोटरसायकलच्या आवाजामुळे. पोट्टा पुस्तकाकडे फारसं पाहतही नाही, थेट समोर बघून वाचतो. याला म्हणतात प्रवाही वाचन.

मग रंजू. चौथीतलीच, मुन्नाच्या अगदी मागे बसते. उभी राहिली. ओठ हलतात, आवाज नाही. अ‍ॅप म्हणालं: आवाज आढळला नाही. शून्य. तीनदा घेतलं, तीनदा शून्य. मुन्ना वाचत होता तेव्हासुद्धा मागे हिचे ओठ हलत होते. बिचारी प्रयत्न करते. केस सिरिअस आहे.

मॅडम व्हरांड्यातून म्हणाल्या, ती हळू वाचते हो सर. हळू म्हणजे किती हळू? शून्य म्हणजे शून्य. वर म्हणाल्या, बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा तसेच राहतात. म्हणींवर शाळा चालवायचे दिवस गेले. डेटा खोटं बोलत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भागीरथाबाई शाळेत खिचडी शिजवते. रंजूची आई. तिला समजावून सांगितलं की तुमच्या मुलीला वाचता येत नाही, पण घाबरू नका, मी आहे. ती पळी हातात घेऊन उभीच राहिली. म्हणाली, अजी सर, काय सांगता? माही रंजू तं तेलाच्या पुड्यावरचं बी वाचते. खिचडीचं पत्रक येते, तेबी मले पोरगीच वाचून दाखवते.

पालकांचा भ्रम. कोर्समध्ये यावर वेगळं प्रकरण होतं. डबल स्पीडमध्ये गेलं, पण होतं.

१ डिसेंबर, सोमवार

'मिशन रंजू' सुरू. शून्यावरून शंभर, साठ दिवसांत. शाळेचा एकुलता एक टॅब तिला. हेडफोन तिला. वाळूचा ट्रे तिला. बाकीचे तेरा स्मार्ट टीव्हीवर. लाइट नसल्यास मॅडमकडे.

मुन्नाची काळजीच नाही. त्याला वाचनातून सूट दिली. तो आता फक्त पाहुणे आले की वाचेल.

४ डिसेंबर, गुरुवार

वाळू पद्धत. रंजूला म्हटलं, मनातलं काहीही बोटानं लिही. तिनं लिहिलं: मले वाचता येते सर. 

चूक. 'मले' नाही, 'मला'. दुरुस्त करून पाच वेळा गिरवून घेतलं. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. सोळा अंगठे आले.

८ डिसेंबर, सोमवार

मुन्नाचा बाप आला होता, गोपीचंद. तलावावर मासे धरतो. हिवाळ्यात गावच्या नाटक मंडळीत काम करतो. अंगठाबहाद्दर, पण वकिलाचा रोल दहा वर्षांपासून त्याच्याकडेच. पडद्यामागून प्रॉम्प्टर हळूच वाक्य सांगतो, हा ते दणक्यात बोलतो. लोकांना वाटतं पाठ आहे. आमच्या झाडीपट्टीत अशीच नाटकं होतात.

दारातच उभा राहिला. म्हणाला, सर, मले एकेका शब्दासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहा लागते. स्टेजवर चालते जी. दवाखान्यात कोन प्रॉम्प्टिंग करते? मागं गोळ्या उलट्यासुलट्या खाल्ल्या, मराचा होतो. आता पोट्टा पाचवीत जाईल, दुसऱ्या गावी. खरं सांगा, मुन्नाले वाचता येते ना?

मोबाईल काढून दाखवला. छ्याण्णव. आकडा त्याला कळतो. बराच वेळ पाहत राहिला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मलाही बरं वाटलं. आपण कोणाच्या तरी घरात उजेड पाडला.

प्रॉम्प्टिंग ही मात्र मागास पद्धत. माणसानं स्वतःच्या डोक्यानं बोलावं. सायंकाळी माझ्या चॅनेलसाठी व्हिडिओ केला. टेलिप्रॉम्प्टर अ‍ॅपचा स्पीड जास्त झाल्यानं शेवटी धापा टाकत बोललो. पण ते अ‍ॅप आहे. ती वेगळी गोष्ट.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रंजू गैरहजर, एकोडीला मावशीकडे लग्न. तिच्याशिवाय टॅब रिकामा. म्हणून मुन्नाचं वाचन रेकॉर्ड करायला घेतलं. त्याचा नेमका घसा बसलेला. खुणेनंच सांगत होता. मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना घसा सुटला, पण तासाला पुन्हा बसला. हवा खराब आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

रंजू परतली. मुन्नाचा घसाही बरा. पंच्याण्णव.

१८ डिसेंबर, गुरुवार

रंजूला पूर्ण तास हेडफोन लावून कोपऱ्यात बसवलं. मुन्नाच्या पोटात दुखायला लागलं. सध्या व्हायरलच चालू आहे. हर्षा म्हणते, व्हायरल एकाच पोराला कसं होऊन राहिलं? ती पोस्टात आहे. तिला शिक्षणशास्त्र काय सांगायचं.

२० डिसेंबर, शनिवार

शोध लागला!

एक्सेलमध्ये ग्राफ काढला. एका रेषेत मुन्नाचे मार्क, दुसरीत रंजूची मागच्या जागेवरची हजेरी. दोन्ही रेषा हातात हात घालून चालतात. रंजू मागे बसली की मुन्ना नव्वदच्या वर. रंजू नाही की मुन्ना शून्य. एकदाही चूक नाही. मी अर्धा तास नुसता बघत राहिलो. निष्कर्ष स्वच्छ आहे: मागे कमजोर मूल बसलं की पुढच्या हुशार मुलाला स्फूर्ती येते. नाव दिलं: 'कमजोर जोडीदार पॅटर्न'. इंग्रजी नाव उद्या शोधतो.

मॅडमना प्रिंट दाखवली. चष्मा लावून पाहिली. म्हणाल्या, सर, हे जरा उलटं करून पाहा ना.

उलटी करून पाहिली. काही फरक नाही. उलट अक्षरं वाचता येईनात.

२६ डिसेंबर, शुक्रवार

लाइट नाही, तिसरा दिवस. स्मार्ट टीव्हीवर पोरांनी दप्तरं वाळत घातली. मॅडमनी माझे चौदाही स्वतःच्या पोरांबरोबर अंगणात घेतले, बोरीच्या बिया, धानाच्या लोंब्या, माशांची नावं असं काहीतरी चालू होतं. हसण्याचे आवाज येत होते. शिकताना हसू येत नाही, हा माझा अनुभव आहे.

पोरं अंगणात आणि मी एकटाच वर्गात. मुद्दाम गेलो नाही. क्रांती करणारा माणूस सुरुवातीला एकटाच असतो.

५ जानेवारी, सोमवार

गोपीचंद पुन्हा. मंडळीचा जुना प्रॉम्प्टर हिरालालबुवा, त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायला मनाई. गोपीचंद म्हणाला, यंदा माहा मुन्नाच बसल प्रॉम्प्टिंगले. बाप बोलल आन् पोरगा वाचल, याच्यापरीस काय पायजे? पयले तुमच्या संमेलनात एक सीन करून पाहू, मंग बैलायच्या पटाच्या रातच्या नाटकाले. पन सर, जमल ना त्याले? खरं सांगा. माह्या अब्रूचा सवाल हाये.

शंभर टक्के, मी म्हणालो. (अ‍ॅपनुसार छ्याण्णव.) पथकासमोर पालक, पाल्य आणि लोककला एकाच सीनमध्ये! असा योग आणू म्हटला तरी येत नाही.

शाळा सुटल्यावर मुन्ना माझ्या मोटरसायकलपाशी उभा. सर, मले काई सांगाचं हाये. मी हेल्मेट घातलं होतं. उद्या सांग म्हटलं.

६ जानेवारी, मंगळवार

मुन्नानं काही सांगितलं नाही. महत्त्वाचं नसणार.

१२ जानेवारी, सोमवार

गंमत झाली. रंजू टेबलाजवळ आली. तिचं बोलणं ऐकायला नेहमी वाकावं लागतं. म्हणाली, सर, प्रॉम्प्टिंगले मले बसवा ना. मुन्नाच्या बदली.

हसलो, पण प्रेमानं. शून्यवाल्या मुलीला प्रॉम्प्टर व्हावंसं वाटतं, म्हणजे आत्मविश्वास वाढतो आहे. पद्धत लागू पडली! तिला समजावलं की तू स्टॉल नंबर तीनवर हवीस. हेडफोन लावून टॅबसमोर बसायचं, पथक येईल, वर पाटी: 'केस स्टडी'. ती म्हणाली, मंग मुन्ना काय करल? मी म्हणालो, तू त्याची काळजी करू नकोस बेटा, तुझी कर.

२० जानेवारी, मंगळवार

गोपीचंद तिसऱ्यांदा. या माणसाचा विश्वासच बसत नाही. म्हणे, पोट्टा घरी पुस्तक उघडतच नाही सर. वाच म्हटलं तं बकऱ्या चाराले पळते. एक डाव अजून इचारतो, रागावू नोका. येते ना त्याले?

रागावलोच. शाळेच्या लेटरहेडवर लिहून दिलं: चि. मुन्ना हा इयत्ता चौथीतील सर्वोत्तम वाचक असून वाचन प्राप्तांक ९६ टक्के आहेत. खाली सही, शिक्का. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. रातच्याले मुन्नाकडूनच वाचून घेतो, म्हणाला.

२१ जानेवारी, बुधवार

गोपीचंद रस्त्यात भेटला, खूश होता. म्हणाला, मुन्नानं चिठ्ठी वाचली जी. तुम्ही लिवलं का पोरगा चांगला हाये, त्याले मारू नोका, आन् नाटकाले जबरदस्ती करू नोका.

मी असं लिहिलेलं आठवत नाही. पण सारांशलेखन छान जमतं पोराला.

२८ जानेवारी, बुधवार

सगळं तयार. स्टॉल एक: स्मार्ट टीव्ही (जनरेटर भाड्यानं आणला, कारण वीजवाल्यांवर मी आयुष्यात पुन्हा विश्वास ठेवणार नाही). स्टॉल दोन: बिल्ले आणि ग्राफ. स्टॉल तीन: रंजू. मंचावर सीन, माईकवर मी.

मॅडम म्हणाल्या, सर, त्या दोघांना जवळजवळ बसवा. मी म्हणालो, मॅडम, तुमचं आता दीड वर्षही राहिलं नाही, आम्हाला काही करू द्या. बोललो ते जरा जास्तच झालं. पण क्रांती म्हटलं की कोणी ना कोणी दुखावतंच.

रंजू आणि मुन्ना व्हरांड्याच्या टोकाला काहीतरी कुजबुजत होते. मला पाहून थांबले. टीमवर्क!

२९ जानेवारी, गुरुवार. सकाळी साडेसात

आभाळ स्वच्छ. बूट पॉलिश. हर्षा म्हणाली, बेस्ट लक. वर म्हणाली, आज पोरांकडं पण पाहा थोडं. दिवसभर पोरांकडेच तर पाहतो.

१०.१५

पथक आलं. तिघं. मोठे साहेब चहा बिनसाखरेचा घेतात. ग्राफ पाहून म्हणाले, इंटरेस्टिंग. जनरेटर चालू. अख्खं गाव आलंय.

सायंकाळी सहा

लिहायचं नव्हतं. पण २४ नोव्हेंबरला ठरवलंय की तारखा हाताशी पाहिजेत.

अकरा वाजता सीन सुरू झाला. गोपीचंद काळ्या कोटात आला. लग्नातला कोट असावा, बटण लागत नव्हतं. मंचाच्या डावीकडे साडीचा पडदा, त्यामागे खुर्चीवर मुन्ना, मांडीवर नाटकाचं पुस्तक. मी माईक घेऊन त्याच बाजूला, त्यामुळे मला दोघंही दिसत होते.

गोपीचंदनं हात वर केला. मिलॉर्ड! आणि पडद्याला खेटून कान दिला. काही नाही. मिलॉर्ड! पुन्हा काही नाही. मागे पोरं हसली. कोणीतरी शिट्टी मारली. तिसऱ्यांदा मिलॉर्ड म्हणाला ते इतकं हळू की फक्त मुन्नाला आणि मला ऐकू गेलं. ते कोर्टाला उद्देशून नव्हतंच.

मी मुन्नाकडे पाहिलं. बोट ओळीवर होतं. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

हे मी कुठेतरी पाहिलंय असं वाटलं. माईक हातात होता. व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहावं कळेना. अकरा दहा. समोरून रंजूही त्याच घड्याळाकडे पाहत होती.

तेव्हा स्टॉल तीनवर रंजूनं हेडफोन काढले. टॅब नीट टेबलावर ठेवला. पथकाच्या समोरून, अख्खं मैदान ओलांडून, धावत नाही, चालत आली. मुन्नाच्या बाजूला जमिनीवर बसली. त्याच्या हातातून पुस्तक घेतलं नाही, फक्त थोडं आपल्याकडे वळवलं. तिचे ओठ हलले. मी दोन हातांवर होतो, मला काही ऐकू आलं नाही. गोपीचंदला आलं. तो गरजला: मिलॉर्ड! ज्यानं पाहिलं तो साक्षीदार बोलत नाही, आणि जो बोलून राहिला त्यानं काही पाहिलंच नाही! 

टाळ्या पडल्या. पुढची दहा मिनिटं एकदाही अडला नाही. रंजूचा आवाज बरोबर हातभर जातो, जिथे हवा तिथपर्यंत. दोन वर्षं मुन्नाच्या पाठीमागून तेच करत होती ती. माझ्यासमोर. माझ्या वर्गात.

साहेबांना वाटलं हे सगळं ठरवलेलं. रंजूला बोलावून पेपर दिला. तिनं अग्रलेख वाचला. साहेब वाकून ऐकत होते. मला विचारलं, सुरुवातीला किती होती ही? मी म्हणालो, शून्य. त्यांनी लिहून घेतलं. शून्य हे खोटं नाही. अ‍ॅपमध्ये आहे.

गर्दी पांगल्यावर गोपीचंद आला, कोट तसाच. खिशातून माझं लेटरहेड काढलं, माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, म्या तुमाले तीनदा इचारलो सर.

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं मला.

३० जानेवारी, शुक्रवार

थंड डोक्यानं विचार केला. यात माझी चूक काय? 

अ‍ॅपनं आवाज मोजला, वाचन नाही. चूक अ‍ॅपची. पोरांनी दोन वर्षं शिक्षकाला फसवलं. चूक संस्काराची. मॅडमना माहीत होतं! त्यांना तसं तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, मी चार वेळा सांगितलं सर, तुम्ही ग्राफचा कागद उलटा केला. मग स्पष्ट सांगायचं होतं. शिवाय त्यांनी सांगितलं तीनदा. मी मोजलं या रोजनिशीतून. तेवढं तरी बरोबर सांगा.

मुन्ना गैरहजर.

३१ जानेवारी, शनिवार

मुन्ना गैरहजर. रंजूनं टॅब परत केला. म्हणाली, याच्यातले गेम सरले सर. दोन महिने गप्प का राहिलीस विचारलं. वाकून ऐकलं. म्हणाली, म्या वाळूत लिवलं होतं.

मी शुद्धलेखन तपासलं होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

निवड झाली! पूर्ण जिल्ह्यातून पाच शिक्षक, त्यात मी. शुक्रवारी साडेअकराला भंडारा. विषय त्यांनीच दिला: 'शून्यातून वाचनाकडे: रंजूची गोष्ट'.

शेवटी कामाची दखल घेतली जातेच. बोलणारे बोलोत. स्लाइड एक: शून्य. स्लाइड दोन: अग्रलेख वाचताना रंजू. मधल्या स्लाइडमध्ये वाळूचा फोटो ठेवला होता. मोठ्या पडद्यावर ती ओळ स्पष्ट वाचता येते. काढून टाकला.

हर्षा चहा घेऊन आली. म्हणाली, पण तिला तर आधीपासून येत होतं ना? मी म्हणालो, तसं सिद्ध करता येत नाही. ती म्हणाली, बरं. मग मुन्नाची स्लाइड कोणती?

लॅपटॉप बंद केला. चार्जिंग कमी होतं. एकोणसत्तर टक्के.

४ फेब्रुवारी, बुधवार

मुन्ना सहावा दिवस नाही (रविवार सोडून पाचवा). शाळा सुटल्यावर तलावावर गेलो. माफी मागायला नाही, उपस्थितीच्या चौकशीला. गोपीचंद जाळं झटकत होता. मुन्ना मासे निवडत होता, माझ्याकडे पाठ करून. पटाच्या नाटकातला वकिलाचा रोल यानं सोडला, असं भागीरथाबाईनं सांगितलं होतंच.

पोराला शाळेत पाठवा म्हटलं. गोपीचंद खाली मान घालून म्हणाला, आता कोन्या पद्धतीनं शिकवान सर? डोळा, का कान, का हात?

कोर्समधलं सगळं ओठांवर आलं होतं. सर्टिफिकेटही मोबाईलमध्ये होतं. पण तोंडातून निघालं, माहीत नाही गोपीचंद. त्याला वाचायला शिकायला लागतील तेवढे दिवस मला त्याच्याजवळ बसावं लागेल, एवढंच माहीत आहे.

गोपीचंदनं पहिल्यांदा वर पाहिलं. बरं, म्हणाला. मंग पाठवतो उद्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी

साडेअकराला भंडाऱ्याला सादरीकरण होतं. गेलो नाही.

कारणं: मोटरसायकलचं मागचं टायर, सकाळचं धुकं, आणि लॅपटॉपचं चार्जिंग. टायर तपासलं, ठीक आहे. धुकं आठलाच उठलं होतं. असो. फोन करून कळवलं की रंजूला मी शिकवलेलं नाही, ती आधीपासूनच वाचत होती. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मग साहेबांना शून्य काहून सांगितलं? मी म्हणालो, रेंज जाऊन राहिली. रेंज फुल होती.

साडेअकराला मी चटईवर होतो. एका बाजूला मुन्ना, मध्ये नाटकाचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला रंजू. पाठ्यपुस्तक नको म्हटलं, बापाचे डायलॉग पोराला ऐकून तोंडपाठ आहेत, तेच शब्द बोटानं शोधू. ही कल्पना मॅडमची. खरं म्हणजे रंजूची. मी मान हलवली, ती माझी.

पाऊण तासात एक शब्द झाला. मिलॉर्ड. पण मुन्नानं तो स्वतः वाचला, रंजूनं तोंडावर हात ठेवला होता. मोबाईलकडे हात गेला माझा, मार्क बघायला. परत खिशात ठेवला.

मग मुन्नानं पुस्तकातून मान वर न करता विचारलं, सर, मले वाचता येत नाही हे तुमाले कवापासून मालूम होतं?

मी म्हणालो, शिक्षक आहे मी बेटा. पहिल्या दिवसापासून.

मुन्नानं बोट ओळीवरून काढलं नाही. त्याच्या बापासारखा नुसता वाट पाहत राहिला. मी रंजूकडे पाहिलं. तिनं तोंडावरचा हात काढला. ओठ हलले. हातभर अंतर होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

तिच्या मागोमाग मी म्हणालो, एकोणतीस जानेवारी. अकरा वाजून दहा मिनिटं.

मुन्ना म्हणाला, मंग बाबाले आन् तुमाले संगच मालूम झालं.

हव, मी म्हणालो. हे मात्र मी स्वतः म्हणालो.